वजनाच्या शस्त्रक्रियेनंतरचं पोट: त्रास ओळखायचा घड्याळावरून

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली, टाके सुकले, काटा खाली सरकायला लागला, आणि पोटाने मात्र असहकार पुकारला. कधी दोन घासांत मळमळ, कधी जेवून उठेस्तोवर मुरडा, कधी चार-चार दिवस शौचाचा पत्ता नाही. यातलं बरंचसं अपेक्षित असतं आणि आटोक्यातही येतं. गडबड होते ती कारण शोधताना. ‘काय खाल्लं म्हणून झालं?’ एवढा एकच प्रश्न धरून बसलं की आज अंडं बंद, उद्या मासे बंद, परवा डाळ बंद असं करत ताट रिकामं होतं, आणि त्रास आपल्या जागी राहतो.

त्याऐवजी पहिला प्रश्न असा विचारा: खाल्ल्यावर किती वेळाने झालं? घास गिळतानाच, पंधरा-वीस मिनिटांत, दोनेक तासांनी, रात्री आडवं झाल्यावर, की खाण्याशी वेळेचा काही मेळच नाही? प्रत्येक उत्तराची कारणं वेगळी आहेत आणि उपायही. पुढचा सगळा लेख याच क्रमाने जातो.

इथलं बहुतेक लिखाण स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून अरुंद नळी ठेवणं) आणि बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडणं) या दोन शस्त्रक्रिया डोळ्यांपुढे ठेवून केलं आहे. तुमच्या सर्जनने किंवा आहारतज्ज्ञाने दिलेल्या सूचना यापेक्षा वेगळ्या असतील, तर त्याच पाळायच्या.

## आधी हे वाचा: घरी थांबायचं नाही असे प्रसंग

पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत मोठी भीती असते ती आतल्या टाक्यांतून गळती होण्याची. ती नेहमी प्रचंड पोटदुखीनेच सुरू होते असं नाही. स्वस्थ पडून असतानाही नाडी १२० च्या वर, ताप, धाप, डाव्या खांद्यात दुखणं, ‘काहीतरी बरोबर नाही’ अशी अस्वस्थता, यातलं काहीही दिसलं तर तडक रुग्णालय. नाडी मोजायला अर्धा मिनिट लागतो, म्हणून ती मोजायला घरातल्या एकाला तरी शिकवून ठेवा.

पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल तर चोवीस तासांपलीकडे वाट पाहू नका. काळीकुट्ट डांबरासारखी शौच किंवा उलटीतून रक्त आलं तर तेवढाही वेळ नाही.

बायपास झालेल्यांनी आणखी एक गोष्ट वर्षानुवर्षं लक्षात ठेवायची. वजन उतरतं तशी पोटातली चरबी कमी होते, आतड्यांच्या पडद्यांमध्ये फटी मोकळ्या होतात आणि त्यात आतडं अडकू शकतं. याला अंतर्गत हर्निया म्हणतात. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी, वर्ष-दोन वर्षांनी किंवा त्याहून उशिराही हे घडतं. पोटात जीवघेणी कळ येते, कधी पाठीत जाते, कधी आपोआप थांबते आणि पुन्हा येते. वरून पोट तपासलं तर मऊच लागतं, साध्या एक्स-रेवरही फारसं काही दिसत नाही, त्यामुळे ‘गॅस असेल’ म्हणून माणसाला घरी पाठवलं जाण्याचा धोका असतो. अशा वेळी ‘माझी बायपास झाली आहे’ हे पहिलं वाक्य असायला हवं.

शेवटचं, थायमिनचं. म्हणजेच बी-१ जीवनसत्त्व. याचा शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. उलट्या लांबल्या की तो संपतो आणि मेंदूवर परिणाम होतो: एकाचे दोन दिसणं, चालताना झोक जाणं, बोलण्यात गोंधळ. कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये वर्णन केलेला हा विकार वेळेत थायमिन दिलं तर थांबवता येतो, उशीर झाला तर कायमचं नुकसान होतं. इथे क्रमही महत्त्वाचा असतो: ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी थायमिन. खूप दिवसांच्या उलट्यांनंतर दाखल व्हायची वेळ आली, तर हे डॉक्टरांना विचारायला संकोचू नका.

## आत नेमकं काय बदललं आहे

सर्वसाधारण जठरात जेवताना एक ते दीड लिटर माल मावतो. स्लीव्हमध्ये त्याचा पाऊण किंवा त्याहून थोडा जास्त भाग काढून टाकतात, उरते ती एक अरुंद नळी. जठराच्या तळाची झडप मात्र जागेवर असते. नळी अरुंद, खालचं दार बंद, म्हणून आत दाब वाढतो आणि आम्ल वर ढकललं जातं. स्लीव्हवाल्यांची ठरलेली तक्रार ॲसिडिटीची असते ती यामुळे.

बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची पिशवी करतात आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. अन्न थोडं थोडं करून खाली सोडणारी झडप वाटेतून वगळली जाते. त्यामुळे गोड किंवा घट्ट द्रव एकदम आतड्यात उतरतो. बायपासवाल्यांची ठरलेली तक्रार, म्हणजे डम्पिंग (अन्न आतड्यात एकदम उतरल्याने होणारा मुरडा, धडधड, चक्कर), इथून येते. ही वाटणी काटेकोर नाही. स्लीव्हनंतरही डम्पिंग होतं आणि बायपासनंतरही छातीत जळजळतं, पण कारण शोधायला सुरुवात कुठून करायची ते यावरून ठरतं.

## पायरी पहिली: दोन आठवड्यांची वही

मोबाइलवरचं ॲप चालेल, पण साधी वही बरी. ती टेबलावर उघडी राहते आणि घरातलं कोणीही त्यात लिहू शकतं. सहा गोष्टी लिहायच्या: खायला बसल्याची वेळ, काय आणि किती, किती मिनिटांत संपवलं, त्रास काय झाला, खायला सुरुवात केल्यापासून किती मिनिटांनी, आणि दिवसभरातली शौच.

एका दिवसाचं पान असं दिसेल:

सकाळी ८.१०. उकडलेलं अंडं, अर्धं. ७ मिनिटं. पाचव्या मिनिटाला छातीच्या मधोमध दाटून आलं, तोंडाला पाणी सुटलं, फेसाळ थुंकी.

दुपारी १.००. मऊ भात ४ चमचे, डाळ ३ चमचे, वर फळांचा रस अर्धा पेला. २० मिनिटं. १.२० ला पोटात मुरडा, धडधड, शौचाला पळावं लागलं. ३.१० ला हात थरथरले, दरदरून घाम, भूक.

रात्री ९.४५. दही अर्धी वाटी. १० मिनिटं. १०.३० ला झोपल्यावर घशाशी आंबट.

हे पान वाचणारा माणूस अंडं, भात आणि दही हे तिन्ही पदार्थ बंद करून टाकेल. प्रत्यक्षात अंड्याच्या वेळी घाई नडली, दुपारी भात-डाळीने काही केलं नाही, रसाने दोनदा त्रास दिला, आणि रात्री दही निर्दोष होतं, झोपायची वेळ चुकली. पदार्थांच्या यादीतून हे कधीच कळलं नसतं.

## घास गिळतानाच: अडकणं, फेस, उलटी

नव्या जठराशी जुळवून घेताना सर्वांत आधी भेटणारा त्रास हाच. छातीच्या हाडामागे काहीतरी रुतल्यासारखं वाटतं, लाळ सुटते, पांढरा चिकट फेस तोंडात येतो आणि बहुधा उलटी होते. ही उलटी पित्ताची नसते, घास जसाच्या तसा बाहेर येतो.

त्या क्षणी काय करायचं? खाणं थांबवा, चमचा खाली ठेवा, उभे राहा, हळूहळू चार पावलं टाका. लाळ गिळू नका, थुंकून टाका. घास खाली ढकलायला वरून पाणी प्यायची ऊर्मी येते, ती आवरा. खालची वाट बंद असताना पाणीही त्यावर साचतं आणि दुखणं वाढतं. घास उतरला किंवा बाहेर पडला की पुढचे काही तास फक्त पातळ पदार्थांचे घोट, दुसऱ्या दिवशी मऊ आहार. काही तासांनंतरही लाळसुद्धा उतरत नसेल, तर एंडोस्कोपीने (तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून) घास काढावा लागतो, रुग्णालयात जा.

पुन्हा होऊ नये म्हणून जेवणाची पद्धत बदलावी लागते, आणि त्यासाठी रोज तेच ते शिस्तीने करावं लागतं:

१. वाढतानाच कमी वाढा. लहान ताटली, लहान चमचा. घास बोटाच्या नखाएवढा.

२. घास तोंडात असताना चमचा हातात ठेवू नका. वीस-तीस वेळा चावून त्याची पेस्ट झाली की गिळा, मग थोडं थांबा, मग पुढचा.

३. एका जेवणाला २० ते ३० मिनिटं द्या. अर्धा तास झाला की उरलेलं तसंच ठेवून उठा. तासभर टिवल्याबावल्या करत खाल्लं तर पोट कधीच रिकामं होत नाही आणि वजनही हटून बसतं.

४. आधी प्रथिनं, मग भाज्या, जागा उरली तर भात-ब्रेड.

५. जेवताना पाणी नाही, जेवणानंतरही साधारण अर्धा तास नाही.

कोरडं चिकन, शिळं गरम करून चामट झालेलं मांस, ताजा लुसलुशीत ब्रेड, चिकट भात हे अडकणाऱ्यांतले अग्रेसर. ब्रेड मऊ असूनही अडकतो याचं अनेकांना नवल वाटतं. तो ओला झाला की गोळा होतो, म्हणून भाजून कुरकुरीत केलेला सोपा जातो. मांस रश्शात मुरलेलं असेल तर उतरतं.

पोट भरल्याची खूणही आता बदललेली असते. पूर्वीसारखी पोटात जडपणाची जाणीव होण्याआधीच कुणाला उचकी लागते, कुणाचं नाक वाहायला लागतं, कुणाला शिंक येते किंवा खोल उसासा निघतो. आपली खूण कोणती ते वहीतून चार-सहा दिवसांत कळतं. ती दिसली की पुढचा घास घ्यायचा नाही. माझ्या मते या एका गोष्टीने जितक्या उलट्या टळतात तितक्या कुठल्याच गोळीने टळत नाहीत.

सगळं नीट पाळूनही अडकणं वाढत चाललं असेल, आधी घन अन्न उतरेना, मग मऊ, मग पातळही, तर शिस्तीचा प्रश्न संपला. जोडाची जागा आकसली असण्याची शक्यता आहे. बायपासनंतर हे साधारण पहिल्या तीन महिन्यांत दिसतं. एंडोस्कोपीतून छोटा फुगा फुगवून जागा रुंद करतात, कधी एकापेक्षा जास्त वेळा. स्लीव्हची नळी मधेच पिळली गेली किंवा अरुंद झाली तरी अशीच लक्षणं येतात.

## जेवून उठता उठता: लवकरचं डम्पिंग

खाल्ल्यावर दहा मिनिटं ते तासाभरात, बहुतेकदा पहिल्या अर्ध्या तासातच, पोटात मुरडा, गुडगुड, जुलाब आणि सोबत धडधड, चेहरा लाल, चक्कर, ‘आता आडवं व्हावं’ असं वाटणं. साखरेचा घट्ट द्रव आतड्यात एकदम पडला की तो सौम्य करायला शरीर रक्तातलं पाणी आतड्यात ओढून घेतं. पोट फुगतं, रक्तदाब घसरतो, नाडी धावते. म्हणून लक्षणं पोटाची आणि हृदयाची अशी दोन्ही असतात. पहिल्यांदा झालं की माणूस हृदयविकाराच्या भीतीने गांगरतो.

डम्पिंग चालू असताना उपाय साधा: आडवं व्हा. अर्धा तास पडून राहिलं की अन्न जरा सावकाश खाली जातं आणि रक्तदाबही सावरतो. मात्र ज्यांना जळजळीचा त्रास जास्त, त्यांनी सपाट न झोपता पाठीला उशा घेऊन टेकावं. लक्षणं ओसरल्यावर पाण्याचे छोटे घोट सुरू करा.

टाळायचं काय, तर सर्वांत आधी पातळ गोड: फळांचा रस, सरबत, गोड कॉफी, मिल्कशेक, आईस्क्रीम. आईस्क्रीम तर साखर, चरबी आणि द्रव तिन्ही घेऊन येतं. अख्खं फळ बहुतेकांना चालतं, त्याचाच रस चालत नाही, कारण रसात थांबवून धरणारा चोथा नसतो. मध आणि गूळ ‘नैसर्गिक’ म्हणून सुटत नाहीत, आतड्याच्या लेखी ती साखरच. लेबलवर साखर पहिल्या तीन घटकांत असेल तर तो पदार्थ ठेवून द्या. खूप तेलकट तळलेलंही काहींना असाच त्रास देतं.

पाच-सहा लहान जेवणं, प्रत्येकात थोडी प्रथिनं, पाणी वेगळं: एवढ्यावर बहुतेकांचं लवकरचं डम्पिंग काही महिन्यांत सौम्य होतं. विरघळणारे तंतू असलेले ओट्स किंवा डाळी यांनी अन्नाचा वेग आणखी मंदावतो.

## दोनेक तासांनी: साखर उतरणं

हा प्रकार फसवा आहे, कारण जेवण केव्हाच विसरलेलं असतं. खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी हात थरथरतात, घाम सुटतो, कडकडून भूक लागते, डोकं चालेनासं होतं. गोड पदार्थ आतड्यात झपाट्याने शोषला गेला, रक्तातली साखर उसळली, तिला आवरायला इन्सुलिन जास्तीचं सुटलं आणि साखर गरजेपेक्षा खाली गेली, अशी ही साखळी. बायपासनंतर हा त्रास बरेचदा वर्षभराने किंवा त्याहून उशिरा डोकं वर काढतो. ‘आता सगळं स्थिरावलं’ असं वाटत असताना तो येतो, त्यामुळे शस्त्रक्रियेशी नातं जोडायचं सुचतच नाही.

लक्षणं आली की:

१. ग्लुकोमीटर असेल तर लगेच साखर मोजा आणि आकडा वहीत लिहा. ७० मिलिग्रॅमच्या खाली ती कमी समजतात, ५४ च्या खाली गंभीर.

२. साखर कमी असेल, किंवा मोजायची सोय नसताना लक्षणं स्पष्ट असतील, तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या. ग्लुकोजच्या गोळ्या उत्तम, कारण मोजून घेता येतात.

३. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. वर आली नसेल तर पुन्हा तेवढंच.

४. वर आली की लगेच प्रथिनांचं काहीतरी खा: अंडं, चीज, मूठभरापेक्षा कमी शेंगदाणे किंवा बदाम. ही पायरी चुकली की घेतलेलं ग्लुकोजच नवी उसळी आणि नवी घसरण घडवतं, आणि माणूस दिवसभर त्याच चक्रात फिरतो.

गाडी चालवताना लक्षणं आली तर गाडी बाजूला घ्या, साखर पूर्ववत झाल्याशिवाय पुन्हा चाक हातात नको. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर शस्त्रक्रियेनंतर त्यांचे डोस बदलावे लागतात. जुन्याच डोसवर राहणं धोक्याचं.

रोजचा बचाव म्हणजे पिष्टमय पदार्थ एकटे कधीच खायचे नाहीत. फळासोबत दही, भातासोबत डाळ किंवा मासे, ओट्ससोबत दूध. एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर अकार्बोज नावाची गोळी देतात, ती पिष्टाचं पचन मंद करते. तिने गॅस होतो, हे आधीच माहीत असलेलं बरं. शुद्ध हरपणं, झटका येणं किंवा जेवणाशी संबंध नसताना साखर उतरणं यात घरगुती प्रयोग नकोत.

## रात्री आडवं झाल्यावर: जळजळ

स्लीव्ह झालेल्यांत हा त्रास नव्याने सुरू होऊ शकतो किंवा आधीचा वाढू शकतो. शेवटचं खाणं आणि झोप यात तीन तासांचं अंतर ठेवा. पलंगाचं डोक्याकडचं टोक पायांखाली ठोकळे घालून १५ ते २० सेंटिमीटर उचला. नुसत्या उशा वाढवल्या तर कमरेत वाकलं जातं आणि पोटावरचा दाब उलट वाढतो. डाव्या कुशीवर झोपल्याने फरक पडतो. ॲसिड कमी करणारी गोळी बहुतेक सर्जन पहिले काही महिने देतातच, ती जेवणाआधी अर्धा तास घेतली तरच नीट काम करते. जेवणानंतर आठवली म्हणून घेतलेली गोळी वाया गेल्यासारखीच.

बायपासनंतर पोटाच्या वरच्या भागात जळजळ आणि खाल्ल्याबरोबर टोचणारी कळ असेल, तर जोडाजवळ अल्सर झाल्याची शंका घ्यावी. त्याची दोन मोठी कारणं माणसाच्या हातात असतात: धूम्रपान आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांसारखी वेदनाशामकं. दात दुखला, कंबर धरली म्हणून घरातल्या डब्यातून काढलेली गोळी इथे महागात पडते. दुखण्यासाठी पॅरासिटॅमॉल हा नेहमीचा पर्याय. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा. हेलिकोबॅक्टर नावाचा जंतू हे तिसरं कारण, त्याची तपासणी आणि उपचार दोन्ही आहेत.

तोंडात कडू, पिवळसर-हिरवट पाणी येत असेल तर ते आम्ल नसून पित्त असतं. मिनी बायपासनंतर (आतड्याला एकच जोड असलेला बायपासचा प्रकार) याकडे विशेष लक्ष द्यावं लागतं. ॲसिडच्या गोळीने ते थांबत नाही, म्हणून महिनोन्‌महिने गोळ्यांची नावं बदलत बसण्यात अर्थ नाही. स्लीव्हनंतरची हट्टी जळजळ आणि हे पित्त, दोन्हींत एंडोस्कोपी लागते आणि क्वचित शस्त्रक्रिया बदलून घ्यावी लागते.

## खाण्याच्या वेळेशी मेळ नसलेलं: बद्धकोष्ठता, जुलाब, गॅस

बद्धकोष्ठतेबद्दल आधी अपेक्षा दुरुस्त करून घ्यायला हवी. दिवसाला मूठभर खाणाऱ्याला रोज भरपूर शौच कुठून होणार? दोन-तीन दिवसांनी झाली, मऊ झाली, कुंथावं लागलं नाही, तर ती बद्धकोष्ठता नव्हे. कडक खडे, कुंथणं, रक्त, पोटात तडस असेल तर उपाय करा.

सुरुवात पाण्यापासून. दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी म्हटलं की धडकी भरते, कारण एका दमात पेलाभर पाणी आता जात नाही. हिशोब उलटा करा: जागेपणीच्या पंधरा तासांत दर तासाला १०० मिलिलिटर, म्हणजे दीड लिटर. १०० मिलिलिटर म्हणजे सहा-सात मोठे चमचेच. खुणा केलेली बाटली जवळ ठेवा आणि जेवणाच्या आसपासचा कोरडा वेळ सोडून घोटघोट घेत राहा. लघवी गडद पिवळी दिसली की मागे पडलात असं समजा. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही आठवड्यांत पुन्हा दाखल व्हावं लागण्याच्या नेहमीच्या कारणांत शरीर कोरडं पडणं हे एक आहे, तेव्हा याला क्षुल्लक समजू नका.

दुसरं कारण औषधांत सापडतं. ऑपरेशननंतरची ट्रॅमॅडॉलसारखी वेदनाशामकं, लोह, कॅल्शियम कार्बोनेट ही तिन्ही आतड्याला सुस्त करतात. तिसरं कारण तंतूंचं. मऊ आहाराच्या टप्प्यापर्यंत तंतू कमीच असतात, पुढे शिजवलेल्या भाज्या, सालीशिवायची फळं, डाळी हळूहळू वाढवता येतात. इसबगोलाबाबत मात्र सावध: पुरेसं पाणी पिता येत नसताना घेतलं तर ते फुगून अरुंद वाटेतच बसतं. पहिल्या महिन्यांत डॉक्टर लॅक्टुलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारखी शौच मऊ करणारी औषधं देतात, ती जास्त सुरक्षित. चालणं सुरूच ठेवा.

जुलाबांत दूध हा पहिला संशयित. पूर्वी सहज पचणारं दूध शस्त्रक्रियेनंतर त्रास देऊ शकतं, कारण त्यातली लॅक्टोज नावाची साखर पचत नाही. आठवडाभर दूध आणि दुधात कालवलेली प्रोटीन पावडर बंद करून पाहा. दही आणि लॅक्टोजविरहित दूध बहुतेकांना चालतं. प्रोटीन पावडरमध्ये ‘व्हे आयसोलेट’ लिहिलेल्या प्रकारात लॅक्टोज फार थोडं असतं. दुसरा संशयित ‘शुगर-फ्री’ मिठाई, गोळ्या आणि च्युइंगम. त्यांतलं सॉर्बिटॉल, माल्टिटॉल, झायलिटॉल हे शोषलं न गेल्याने जुलाब आणि गॅस दोन्ही करतं. साखर टाळायची म्हणून माणूस हेच भरपूर खातो आणि दोष शस्त्रक्रियेला देतो.

शौच फिकट, तेलकट, दुर्गंधी आणि पाण्यावर तरंगणारी असेल तर चरबी पचत नाही असा अर्थ. आतड्याचा मोठा भाग वगळणाऱ्या शस्त्रक्रियांत हे जास्त दिसतं. त्यासोबत ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वंही वाहून जातात, म्हणून तपासण्या लागतात. पोट सतत फुगलेलं आणि जुलाब चालूच, तर लहान आतड्यात जंतूंची वाढ झालेली असू शकते, त्यावर अँटिबायोटिक असतात. याउलट, अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर सुरू झालेले पाण्यासारखे जुलाब, झोपेतून उठवणारे जुलाब, ताप किंवा रक्त यांत जुलाब थांबवणारी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका.

गॅसचा बराचसा भाग गिळलेल्या हवेचा असतो. भरभर खाणं, स्ट्रॉने पिणं, च्युइंगम, सोड्याची पेयं, जेवताना बोलणं ही त्याची वाट. उरलेला भाग न पचलेल्या अन्नावर जंतू तुटून पडल्याने होतो. शेंगा, कोबी, फ्लॉवर एकेक करून परत आणा, एका वेळी एकच नवा पदार्थ. वासाचा त्रास लोक संकोचाने सांगत नाहीत, पण सांगावा, त्यालाही कारण असतं.

उजव्या बरगडीखाली, विशेषतः तेलकट खाल्ल्यानंतर, तासभर टिकणारी कळ येऊन ती पाठीत किंवा उजव्या खांद्यात जात असेल, तर गॅस समजून सोडून देऊ नका. वजन झपाट्याने उतरताना पित्ताचे खडे होण्याची शक्यता वाढते. म्हणून अनेक सर्जन पहिले सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडची गोळी देतात. ती ‘काहीच होत नाही’ म्हणून मधेच सोडू नये. ताप किंवा डोळे पिवळे झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

## जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी मळमळ होते तेव्हा

या गोळ्या आयुष्यभराच्या आहेत, त्यामुळे ‘पोटाला सोसत नाहीत’ म्हणून बंद करणं हा पर्यायच नाही. वेळापत्रक बदललं की बहुतेकांना सोसतात. मल्टिव्हिटॅमिन रिकाम्या पोटी न घेता थोडं खाल्ल्यावर घ्या. लोह आणि कॅल्शियम यांच्यात किमान दोन तासांचं अंतर, कारण ती एकमेकांचं शोषण अडवतात. लोहाच्या आसपास चहा-कॉफी नको. कॅल्शियम एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त शोषलं जात नाही, तेव्हा दिवसाचे १२०० ते १५०० मिलिग्रॅम दोन-तीन वेळांत वाटा. कॅल्शियम सायट्रेटला आम्ल लागत नाही आणि बद्धकोष्ठताही कमी होते, म्हणून कार्बोनेटपेक्षा ते बरं. लोहाने मळमळ होत असेल तर लोहाचा दुसरा प्रकार, रात्रीची वेळ किंवा शिरेतून लोह असे पर्याय आहेत. लोहाने शौच काळसर होते, ती डांबरासारखी चिकट नसते. शंका आली तर दाखवा.

## इतर डॉक्टरांकडे जाताना

पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: शस्त्रक्रियेचं नाव, तारीख, सर्जनचा फोन, चालू औषधं. नुसतं ‘वजनाचं ऑपरेशन’ म्हणून भागत नाही, स्लीव्ह की बायपास की मिनी बायपास यावर निर्णय बदलतात. नाकातून पोटात नळी घालायची वेळ आली तर ती न पाहता अंदाजाने घालून चालत नाही, नवी पिशवी लक्षात घेऊनच घालावी लागते. नावापुढे एसआर, एक्सआर किंवा ईआर असलेल्या, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या पूर्ण शोषल्या जाण्याआधीच पुढे निघून जाऊ शकतात, तेव्हा त्यांना पर्याय विचारा. गर्भनिरोधक गोळ्यांचंही तेच: उलट्या-जुलाब चालू असतील तर त्यांच्यावर विसंबू नका, आणि बायपासनंतर गोळ्यांऐवजी दुसरी पद्धत निवडणं शहाणपणाचं.

गर्भारपणात मधुमेहाच्या तपासणीसाठी ग्लुकोजचं पाणी प्यायला देतात. बायपास झालेल्या बाईला त्याने जोराचं डम्पिंग होऊ शकतं आणि अहवालाचाही भरवसा राहत नाही. त्याऐवजी आठवडाभर घरी ग्लुकोमीटरवर जेवणाआधी आणि नंतर साखर मोजून तोच तक्ता डॉक्टरांना दाखवण्याची पद्धत आहे. ग्लुकोजचा पेला हातात येण्याआधी हे सांगून ठेवा.

सर्जनकडे तपासणीला जाताना वहीच घेऊन जा. आत गेल्यावर आठवत नाही, आणि ‘अधूनमधून त्रास होतो’ एवढ्यावर कोणालाच काही ठरवता येत नाही. ‘गेल्या दोन आठवड्यांत पाच वेळा, प्रत्येक वेळी जेवणानंतर दोन तासांनी, दोनदा साखर ६० च्या खाली’ असं सांगितलं की पुढची तपासणी कोणती ते तिथल्या तिथे ठरतं.